नव्वद मिनिटं झाली की आपलं नेमकं काय होतं?

प्रति,
एफसी गोवाचे खेळाडू, प्रशिक्षक आणि संचालक मंडळ
यांस,

सप्रेम नमस्कार.

आधी अभिनंदन. ७ डिसेंबर २०२५ च्या रात्री मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर ईस्ट बंगालला पेनल्टींवर ६-५ हरवून तुम्ही फुटबॉलचा सुपर कप घरातच ठेवलात. सलग दुसरा, एकूण तिसरा. माझा घसा अजून बसलेला आहे, आणि त्यामुळे घरात जरा शांतता आहे असं बायकोचं म्हणणं.

जिंकलेल्या संघाला कोणी तक्रारीचं पत्र लिहितं का, असं तुम्हाला वाटेल. पण हरल्यावर लिहिलं की त्याचा शिमगा होतो. एप्रिलमध्ये आयएसएलच्या (म्हणजे इंडियन सुपर लीगच्या) सेमीफायनलमध्ये बेंगळुरूनं आपल्याला बाहेर काढलं त्या रात्री मी चार पानं लिहिली होती. सकाळी चहा घेताना वाचली आणि फाडून टाकली. पोरांसमोर वाचता येईल असं एक वाक्य त्यात नव्हतं. आता शिमगा सरलाय, उरलेलं कवित्व तेवढं सांगतो. मराठीत सांगतो, कारण आमच्या फोंड्याकडे बोलणं कोकणी, पण पेपर मराठी आणि नाटकही मराठी. रेफरीशी काय बोलायचं ते आम्ही कोकणीत बोलतो, त्याचा इथे संबंध नाही.

मी २०१४ पासून येतोय. पहिल्या वर्षी झिको प्रशिक्षक होते. कोलकात्याविरुद्ध सेमीफायनलच्या दोन्ही सामन्यांत मिळून एक गोल झाला नाही आणि फातोर्ड्यात आपण पेनल्टींवर गेलो. ते सोडून दिलं. पहिलंच वर्ष होतं, आणि पेनल्टी म्हणजे शेवटी सोडतच, अशी आम्ही समजूत घातली.

२०१५ मात्र सोडता येत नाही. लीगमध्ये आपण पहिले, फायनल आपल्याच मैदानावर, तारीख २० डिसेंबर, समोर चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक आत गेली आणि २-१ झालं. त्या क्षणी माझ्या डावीकडच्या अनोळखी माणसानं मला उचललं. अक्षरशः उचललं, माझं वजन तेव्हाही कमी नव्हतं. त्यानं मला खाली ठेवलं, मी चप्पल शोधायला वाकलो आणि वर बघतो तर बॉल आपल्या गोलपोस्टच्या आत. नव्वदावं मिनिट, आणि गोल लागला आपल्याच गोलकीपरच्या, कट्टीमणीच्या नावावर. त्याच सामन्यात त्या पोरानं पेनल्टी अडवली होती हे आता कोणाला आठवत नाही. दोन मिनिटांनी त्यांचा मेंडोझा. ३-२. चप्पल सापडली, पण दुसऱ्या पायाची हरवली.

त्यानंतर प्रशिक्षक लोबेराचा काळ आला. त्या तीन वर्षांत तुम्ही आम्हाला जे दाखवलं त्याचं ऋण आहेच. कोरो, बूमूस, एदू, जाहू, ब्रँडन. बॉल पायाला चिकटवल्यासारखा फिरायचा. २०१९-२०च्या लीगमध्ये १८ सामन्यांत ४६ गोल झाले, लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची लीग शिल्ड आपल्याकडे आली आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई स्पर्धेच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून आपलं नाव लागलं. धेंपो, साळगावकर, चर्चिल या गोव्याच्या जुन्या क्लबांच्या गोष्टी सांगून आमच्या वडिलांची पिढी आम्हाला गप्प करायची. त्या वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे सांगायला स्वतःचं काहीतरी आलं.

पण फायनल? २०१९ मध्ये अंधेरीला गेलो. मुंबईला सेमीफायनलमध्ये त्यांच्याच घरी ५-१ हाणून आलेला हा संघ बेंगळुरूसमोर गोलशिवाय जादा वेळेत गेला, जाहूला लाल कार्ड मिळालं आणि पेनल्टीला काही मिनिटं उरली असताना कॉर्नरवर राहुल भेकेनं डोकं लावलं. भेके मुंबईचाच, मराठी आडनावाचा. शेजारचा एक मुंबईकर मला म्हणाला, ‘आपलाच पोरगा आहे ना!’ त्याला काय सांगणार, आपला म्हणजे कोणाचा.

२०२० च्या सेमीफायनलला चेन्नईत ४-१ हरून आलो. घरी एकवीस मिनिटांत दोन गोल मारले, आणखी एक मारला की फायनल, असं असताना मध्येच दोन खाल्ले. शेवटी ४-२ जिंकलो आणि एका गोलानं बाहेर गेलो. खाल्लेल्या दोनपैकी एक छांगटेचा होता, तो तेव्हा चेन्नईयिनकडे होता. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. २०२१ च्या सेमीफायनलला मुंबईकडून पुन्हा पेनल्टींवर. त्या मुंबईच्या बाकावर लोबेरा, मैदानात जाहू, फॉल, बूमूस आणि आपला म्हापशाचा मंदार. आपणच शिजवलेलं आपल्याच समोर वाढून दुसऱ्यांनी खाल्लं. त्यावर आणखी बोलत नाही, पोटात दुखतं.

आता २४ एप्रिल २०२४. या रात्रीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यात माझाही गुन्हा आहे.

बुधवार होता. बोरीच्या पुलावर ट्रॅफिक, म्हणून आम्ही चौघं साडेचारलाच निघालो. राय ओलांडून मडगावात शिरलो, स्टेडियमबाहेर रस-ऑम्लेट खाल्लं आणि ईस्ट स्टँडमध्ये नेहमीच्या जागी बसलो. बोरिसनं पहिला गोल केला, दुसऱ्या हाफमध्ये ब्रँडननं दुसरा. मुंबईसमोर २-० म्हणजे सेमीफायनल अर्धी खिशात. ८५व्या मिनिटाच्या आसपास माझा भाचा मोबाइल काढून बसला. परतीचा सामना सोमवारी मुंबईत होता आणि त्याला कोकणकन्याची तिकिटं बघायची होती. ‘मामा, रविवारची वेटिंग येतेय, काढू?’ मी म्हटलं, ‘काढ, कन्फर्म होईल.’

नव्वदाव्या मिनिटाला छांगटे. मी म्हटलं, ‘असू दे, २-१ पण चालेल.’ भाच्यानं पैसे भरायच्या आत विक्रम प्रताप. २-२. स्टेडियममध्ये असा आवाज मी कधी ऐकलेला नाही. आवाज कसला, हजारो माणसांनी एकदम श्वास आत घेतला होता. आणि सहाव्या जादा मिनिटाला पुन्हा छांगटे. सहा-सात मिनिटांत तीन गोल. भाच्यानं मोबाइल खिशात ठेवला. परतताना गाडीत कोणी बोललं नाही. बोरीच्या पुलावर मागे बसलेला मित्र फक्त एवढंच म्हणाला, ‘तिकिटं काढली नाहीस ते बरं केलंस.’

आणि मग ६ एप्रिल २०२५, रामनवमी. बेंगळुरूत २-० हरून आलो होतो. घरी बोर्हानं एक फेडला आणि ८८व्या मिनिटाला सादिकूनं दुसरा. दोन्ही मिळून २-२. जादा वेळ आपल्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर, समोरचा संघ खचलेला. आणखी काय हवं होतं? दोन-तीन मिनिटं काढायची होती. चार मिनिटांत चाळीस वर्षांच्या छेत्रीला आपल्या बॉक्समध्ये हेडर मारायला मिळाला. छेत्री हेडर मारतो ही काय बातमी आहे? आमच्या आजीलाही ते माहीत होतं.

मिनिटं एका ओळीत लावून बघा. २०१५: ९० आणि ९२. २०१९: शेवटून चार-पाच मिनिटं आधी. २०२४: ९०, ९१, ९६. २०२५: ९२. एकदा झालं तर नशीब म्हणता येतं, दुसऱ्यांदा झालं तर दृष्ट लागली म्हणून मिरच्या उतरवता येतात. दहा वर्षं त्याच मिनिटाला होत असेल तर ती सवय आहे.

सवय कशाची, यावर माझं एक मत आहे. मी काही फुटबॉलचा जाणकार नाही. शाळेत राइट बॅक खेळायचो आणि वर जाऊन परत यायला विसरायचो. पण गेली बावीस वर्षं आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाला मी प्रॉम्प्टिंग करतो. विंगेत उभं राहून, हातात वही, बॅटरीच्या उजेडात. या कामातून एक गोष्ट कळली. नट अवघड जागी अडखळत नाही. तीन पानांचं स्वगत असेल तर तो महिनाभर घोकतो आणि घडाघडा म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळीनंतर पुढचं वाक्य असतं, ‘बस, चहा घेतोस का?’ एवढं साधं. ते तो विसरतो. कारण टाळी ऐकल्यावर त्याच्या मनात प्रवेश संपलेला असतो.

आता पुन्हा बघा. जोफ्रेचा गोल ८७ला, खाल्ला ९०ला. सादिकूचा ८८ला, खाल्ला ९२ला. २०२४ ला गोलची टाळी नव्हती, पण ८५व्या मिनिटापासून आख्खं स्टेडियम उभं राहून तुम्हाला निरोपाची टाळीच देत होतं. तुमचं अवघड स्वगत तुम्ही दर वेळी म्हटलंत. पडता तुम्ही चहा विचारायच्या वाक्यावर.

उलट बाजूनंही हे पटतं. २०२१ ला कोलकात्यात मोहम्मेडनविरुद्ध डुरँड कपची फायनल जिंकलात, एदूच्या जादा वेळेतल्या फ्री किकवर. स्टेडियम त्यांचं, टाळ्या वाजवायला आमच्यातलं कोण होतं तिथे? गोल झाल्यावर शांतता. तुम्ही खेळत राहिलात. २०२५ च्या मेमध्ये भुवनेश्वरला सुपर कपच्या फायनलमध्ये जमशेदपूरला ३-० हरवलं. गोव्याची मूठभर माणसं. आणि ७ डिसेंबरला आपल्याच मैदानात जिंकलात तेव्हा एकशेवीस मिनिटांत एकही गोल झाला नाही. म्हणजे आम्हाला मध्येच उड्या मारायला कारणच मिळालं नाही. घरचे प्रेक्षक गप्प राहिले की तुम्ही जिंकता, असा याचा अर्थ निघतो. हे लिहिताना मला हसू येतंय, पण पुरतं हसूही येत नाही.

तुमच्यात हिंमत नाही असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पेनल्टीला सहा-सहा जण जाऊन मारतात त्यांच्यात हिंमत नाही कशी? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सौदीच्या अल नस्रसमोर ब्रायसननं गोल मारला तेव्हा समोर कोण आहे हे त्यानं बघितलं का? दोष शैलीतही नाही. ‘गोवा सुंदर खेळतो पण जिंकत नाही’ हे वाक्य मला नकोसं झालंय. सुंदर खेळणं हा काही आजार नाही, आणि कुरूप खेळून जिंकायला सुरुवात केलीत तर मी तिकीट काढणार नाही. फार झालं तर टीव्हीवर बघेन.

म्हणून माझी मागणी लहान आहे. नवा स्ट्रायकर मागत नाही, नवा प्रशिक्षक तर मुळीच नाही. प्रशिक्षक मानोलोंनी २०२४-२५ मध्ये भारताचा संघही सांभाळून आपल्याला लीगमध्ये दुसरं आणलं. मला फक्त एवढं सांगा की आपला विंगेतला माणूस कोण आहे? टाळी पडल्यावर पुढचं वाक्य कोण सांगतो?

८८व्या मिनिटाला सादिकूनं गोल मारला तेव्हा सगळे कॉर्नर फ्लॅगपाशी होते. मी वरून बघत होतो. तिथून प्रत्येकाला त्याच्या जागेवर परत आणायचं काम कोणाचं होतं? ‘आता जादा वेळ आहे, घाई नको’ हे मैदानात कोण ओरडलं? राइट बॅकनं पुढे जायचं नाही, गोलकीपरनं बॉल हातात आला की बसून राहायचं, कॉर्नर मिळाला तर तो मारायचा नाही, तिथेच बॉल घोळवायचा, हे गुरुवारच्या सरावात कधी करून बघितलं का? केलं असेल तर मी माझे शब्द मागे घेतो आणि तुम्हाला पुन्हा करायला सांगतो. फ्री किकचा सराव तुम्ही तासभर करता हे आम्ही कुंपणाबाहेरून बघितलंय. चहाचं वाक्य घोकताना मात्र कोणी दिसलं नाही.

संचालक मंडळाला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. पडलेल्या माणसाला पडल्याचं आठवत असतं, म्हणून तो दुसऱ्यांदा जपून पाय टाकतो. पण आपल्याकडे जो पडतो तो पुढच्या वर्षी नसतोच. २०२४ च्या त्या सहा मिनिटांनंतर ब्रँडन मुंबईकडे गेला, नोआ केरळकडे. असे खेळाडू जातात, पैशाची गणितं असतात, तेही कळतं. पण मग त्या रात्रीची आठवण फक्त ईस्ट स्टँडमध्ये उरते आणि ड्रेसिंग रूममध्ये दर वर्षी कोरी पाटी. कोणीतरी जुना ठेवा. खेळत नसेल तरी चालेल, बाकावर बसवा.

आणि फातोर्ड्याबद्दल. या मैदानानं आयएसएलच्या पाच फायनल बघितल्या. २०१५ ची आपली, आणि मग २०२०, २०२१, २०२२, २०२३ अशा सलग चार. या चारही वेळा गोवा त्यात नव्हता. २०२० ला कोविडमुळे स्टेडियम रिकामं ठेवलं होतं, तेव्हा निदान बघायला जायचा प्रश्न नव्हता. २०२२ ला मी गेलो. केरळचे लोक एवढे आले होते की मडगावचं स्टेशन पिवळं दिसत होतं. माझ्या नेहमीच्या सीटवर कोझिकोडचा एक म्हातारा बसला होता. ही माझी जागा असं मी त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं मला केळ्याचे वेफर्स दिले. हैदराबाद, ज्यांचा जन्मच मुळी २०१९ चा, त्यांनी पेनल्टींवर कप उचलला आणि तो म्हातारा रडायला लागला. मग त्याची समजूत कोणी घालायची, तर मी. त्या कामात मी चांगलाच तयार झालो होतो.

आमच्या बाजूनं आम्हीही काही ठरवलंय. आमच्या चौघांच्या गाडीत नियम केला आहे: शेवटची शिट्टी होईपर्यंत कोणी पुढच्या सामन्याचं बोलायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, ९०व्या मिनिटाला उभं राहून टाळ्या वाजवायच्या नाहीत. भाच्याला हा नियम फार लागला, पण तोच आता सगळ्यांवर नजर ठेवतो. ७ डिसेंबरला पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा माझा हात सवयीनं खिशाकडे गेला तर त्यानं माझं मनगट धरलं.

२०२५ चा डिसेंबर आला तरी आयएसएल सुरूच झाली नव्हती. कधी होणार, कशी होणार, यावर तुम्हालाच कोणी काही सांगत नव्हतं तर आम्हाला कोण सांगणार. पण फातोर्ड्यात मोठा सामना आला, आणि तुम्ही ८७व्या मिनिटाला गोल मारलात, तर तुम्हाला ईस्ट स्टँडच्या तिसऱ्या रांगेत एक टकला माणूस दिसेल. बाकी सगळे नाचत असतील, तो बसलेला असेल. त्याच्याकडे बघून लगेच आपापल्या जागेवर जा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फोंड्याचा एक प्रेक्षक

ता. क. : घरच्या सामन्याची वेळ निदान चार दिवस आधी कळवत जा. बोरीच्या पुलाचं काही सांगता येत नाही.